डुकराचे चॉप : वरून कुरकुरीत, आतून रसाळ

यवतमाळ जिल्ह्यात डुकराचं मटण आवडीने खाणारी घरं पुष्कळ आहेत, पण त्याच्याविषयी छापलेलं फारसं काही सापडत नाही. पाककृतींच्या पुस्तकांत कोंबडी असते, बकरा असतो, मासे असतात; हे मटण वगळलेलं असतं. मग ते करण्याची रीत घरातल्या घरात, एकाचं पाहून दुसऱ्याने, अशीच पुढे जाते. ही रीत बहुतेक ठिकाणी एकच: कातडीसकट लहान तुकडे, भरपूर कांदा-लसूण, झणझणीत तिखट आणि तासभर रटरटणारा रस्सा. रस्सा उत्तमच लागतो. खांदा, मांडी, पोटाकडचे चरबीचे तुकडे यांना तोच शोभतो. पण कण्याच्या दोन्ही अंगांना जो मऊ मांसाचा लांब पट्टा असतो, तो तासभर शिजला की कोरडा आणि चोथट होतो. जनावराचा सगळ्यात चांगला भाग असा वाया जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या पट्ट्याचे हाडासकट आडवे काप काढले की झाले चॉप. तव्यावर थोड्या तेलात दहा मिनिटांत ते असे होतात की वरचा थर दाताखाली कुरकुरतो आणि आत रस टिकून असतो.

एवढं सोपं असूनही आपल्याकडे ते होत नाही, कारण भीती. डुकराच्या मटणातून ‘किडा मेंदूत जातो’ हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं, म्हणून ते कातडं होईपर्यंत शिजवलं जातं. या भीतीत किती खरं आहे ते आधी नीट पाहू. टेनिया सोलियम नावाचा पट्टकृमी डुकराच्या मांसात गाठींच्या रूपाने राहतो, हे खरं आहे. मोकाट फिरणाऱ्या, माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकरांत तो सापडतो. गाठी असलेलं कच्चं मांस पोटात गेलं तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूतल्या गाठी मात्र मांस खाऊन थेट होत नाहीत. आतड्यात हा कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांतून, घाण पाण्यातून, कच्च्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात गेली की गाठी होतात आणि पुढे फिट्स येऊ शकतात. म्हणूनच आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. याचा अर्थ असा की स्वयंपाकघरात दोन गोष्टी सांभाळायच्या: मांस आतपर्यंत पुरेसं तापलं पाहिजे आणि हात साबणाने धुतलेले पाहिजेत. तासभर उकळण्याने पहिल्या गोष्टीत काही जास्तीची भर पडत नाही आणि दुसरीशी त्याचा संबंधच नाही.

पुरेसं म्हणजे किती? अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली डुकराच्या अख्ख्या तुकड्यांसाठी आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअसवरून ६३ अंशांवर आणलं, वर तीन मिनिटं तुकडा तसाच ठेवायला सांगितलं. त्यांच्याकडची डुकरं बंदिस्त फार्मवरची, तपासणी झालेली असतात. आपल्याकडे कुठलं जनावर कुठे वाढलं हे बहुधा कळत नाही, म्हणून मी ७१ अंशच धरते आणि तुम्हीही तेच धरा. कृमीच्या गाठी त्याच्याही खालीच मरतात. नीट मीठ लावून ठेवलेला चॉप ७१ अंशांना कोरडा पडत नाही. ८५-९० अंशांना पडतो, आणि घरोघरी तो तिथवर जातो. सुईसारखं टोक असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर आता काही शे रुपयांत मिळतो. डुकराचं मटण नेहमी करणाऱ्याने तो घ्यावाच.

खरेदीला निघताना काय विचारायचं ते ठरवून जा. पहिला प्रश्न: डुक्कर फार्मवरचं की मोकाट? फार्मवर बहुतेक पांढरी, लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची किंवा तिच्या संकराची जनावरं असतात. त्यांची पाठ लांब, मांस फिक्कं गुलाबी आणि कोवळं असतं. चॉपसाठी हेच हवं. गावठी काळ्या डुकराला चव जास्त, पण जनावर वयाने मोठं असेल तर मांस चिवट असतं, आणि ते गटारावर वाढलेलं असेल तर मी ते घेणार नाही, कोणी कितीही स्वस्त दिलं तरी. दुसरं, तुकडा हातात घेऊन कापलेली बाजू उजेडात बघा. स्नायूंच्या मध्ये भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके, पाणीदार दाणे दिसले तर ते मांस परत करा. धुऊन, दाणे काढून, जास्त शिजवून अशी कुठलीही तडजोड नको. दाणे दिसले नाहीत म्हणजे मांस शंभर टक्के निर्दोष, असंही नाही, म्हणून ७१ अंशांची अट कायम. चांगलं मांस दाबलं की पुन्हा वर येतं, त्याची चरबी पांढरी आणि घट्ट असते, वास जवळपास नसतोच.

रानडुकराचं मटण कोणी ‘शेतात सापडलं’ म्हणून देऊ केलं तर घेऊ नका. टिपेश्वर अभयारण्याच्या भोवतालच्या गावांत काय, जिल्ह्यात इतरत्र काय, रानडुकरं एका रात्रीत तूर-कपाशीचं किती नुकसान करतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्याचा राग समजण्यासारखा आहे. तरीही हे जनावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं आणि त्याचं मांस विकत घेणं गुन्हा आहे. शिवाय त्या मांसाची कुणीच तपासणी केलेली नसते.

आता कापण्याचं. आपल्याकडचा विक्रेता सवयीने सत्तूर उचलतो आणि सगळ्याचे लहान तुकडे करतो. त्याआधीच त्याला थांबवा. बकऱ्याच्या मटणात ज्याला चाप म्हणतात तोच भाग डुकराचा हवा, असं सांगितलं की त्याला कळतं: पाठीचा, बरगडीसकट. दोन बरगड्यांच्या मधून सुरीने मांस कापायचं आणि फक्त कण्याच्या हाडाशी सत्तूर मारायचा. असं केलं की हाडाचा चुरा मांसात शिरत नाही. जाडी दोन सेंटीमीटर. यापेक्षा पातळ असेल तर वरचा थर खरपूस व्हायच्या आत मांस कोरडं पडतं. तीन सेंटीमीटरच्या वर गेला तर वरून जळतो आणि हाडाजवळ कच्चा राहतो. सगळे चॉप एका जाडीचे असले तर सगळे एकाच वेळी होतात. कातडी काढून द्यायला सांगा, पण ती आणि जास्तीची चरबी सोडून येऊ नका. तिचं काय करायचं ते पुढे येईल. चॉपच्या कडेला बोटभर चरबीची पट्टी राहू द्या.

खरेदी सकाळीच, आणि मे महिन्यात तर उन्हं चढायच्या आत. पारा चाळिशीच्या पुढे असताना मांस तासाभराच्या वर बाहेर राहता कामा नये. लांबच्या गावाला जायचं असेल तर बर्फ घातलेला डबा सोबत न्यावा. घरी आल्यावर मांस नळाखाली धरून धुवायची सवय सोडा. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, चिरलेल्या कांद्यावर उडतात. हाडाचा चुरा काढायचा असेल तर एका गंजात पाणी घेऊन चॉप बुडवून काढा आणि लगेच स्वच्छ फडक्याने टिपा.

कुरकुरीतपणाचं सगळं गणित या टिपण्यात आहे. मांसाच्या वर पाणी असेल तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही, कारण आच पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. खरपूस तपकिरी रंग आणि तो भाजका वास येण्यासाठी पृष्ठभाग साधारण एकशेचाळीस अंशांच्या वर जावा लागतो. ओला चॉप तव्यावर टाकला की तो आधी उकडतो, पाणी सोडतो, त्या पाण्यात शिजतो आणि रंग येईपर्यंत आतून दगड झालेला असतो. म्हणून मीठ आधी आणि मसाला नंतर.

चार चॉपचं वजन हाडासकट आठशे ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याला दीड चहाचा चमचा बारीक मीठ दोन्ही बाजूंना सारखं चोळा. चॉप जाळीवर किंवा ताटात एकमेकांना न चिकटता मांडून फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या खणात, न झाकता, रात्रभर ठेवा. घरात कोणाला फ्रिजमध्ये उघडं मटण चालत नसेल तर वर जाळीचं झाकण ठेवा, हवा लागली म्हणजे झालं. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी मांस परत शोषून घेतं, त्यामुळे मांस शिजताना रस धरून ठेवतं. आणि फ्रिजच्या कोरड्या हवेने वरची बाजू वाळते. रात्रभर जमत नसेल तर निदान तासभर तरी. मीठ लावून दहा-पंधरा मिनिटांत तळायला घेणं मात्र सगळ्यात वाईट, कारण तेव्हा पाणी नेमकं बाहेर आलेलं असतं आणि आत परत गेलेलं नसतं.

अद्रक-लसणाशिवाय हे मटण नको असं अनेकांचं म्हणणं असतं, आणि ते बरोबर आहे. पण वाटण ओलं असतं आणि तव्यावर मांसाच्या आधी जळून कडू होतं. त्यासाठी वाटण पिळून फक्त रस घ्या, त्यात अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर हळद घालून तळण्याच्या अर्धा तास आधी चॉपला लावा, मग पुन्हा टिपून कोरडं करा. वास आणि चव मांसात उतरते, चोथा बाहेर राहतो. आंबट लावायची पद्धत गोव्यातही आहे. तिथे पोर्तुगीजांची व्हिनेगर-लसणात मांस मुरवण्याची रीत माडाच्या व्हिनेगरशी जुळली आणि त्यातून विंदालू आला. वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला डुकराचं इंदयाल होतं, त्यातही व्हिनेगर हवंच. चरबीच्या मांसाला आंबट लागतंच. पण तळायच्या चॉपला ते अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, नाहीतर वरचं मांस भुसभुशीत होतं.

थराबद्दल माझं मत ठाम आहे: पावाचा चुरा आणायला बाजारात जायची गरज नाही. जपानमध्ये तोनकात्सूला जाडसर पावाचा चुरा लावतात, व्हिएन्नाचं श्निट्झेलही चुऱ्यातच घोळवलेलं असतं. त्यांच्याकडे पाव रोजचा. आपल्याकडे ज्वारी रोजची आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे थर वातड होत नाही आणि जास्त वेळ कडक राहतो. चार चॉपला अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, पाव वाटी बारीक रवा आणि दोन मोठे चमचे तांदळाची पिठी पुरते. ज्वारीने चव येते, रव्याने दाणेदारपणा, पिठीने कडकपणा. यात अर्धा चमचा मिरपूड आणि थोडंसं मीठ घाला, बस. भिवापुरी मिरचीचं तिखट किंवा सावजी मसाला पिठात भरभरून घालायचा मोह होतो, तो आवरा. तिखट आणि गरम मसाला त्या आचेला काळे पडतात. मसाल्याचा एक चमचा वेगळा, कोरड्या कढल्यात मंद आचेवर परतून ठेवा आणि चॉप तव्यावरून उतरल्या उतरल्या गरम असतानाच वरून भुरभुरा. चव ताजी राहते आणि रंगही लालच राहतो.

चॉपच्या कडेच्या चरबीला दोन-दोन सेंटीमीटरवर सुरीने चिरा द्या, म्हणजे तापल्यावर ती आकसून चॉप वाकडा करणार नाही. फेटलेल्या एका अंड्यात बुडवून, निथळून, पिठात दाबून घोळवा. अंडं नको असेल तर रस लावून टिपलेला चॉप किंचित चिकट असतो, त्याला पीठ तसंही धरतं, थर फक्त पातळ येतो. घोळवलेले चॉप दहा मिनिटं ताटात पडू द्या. पीठ ओल धरून घट्ट बसतं आणि तेलात सुटत नाही. घाईने सोडलं की अर्धा थर तव्याला लागतो.

तवा बिडाचा असेल तर उत्तम. तो तापायला वेळ घेतो, पण थंड चॉप टाकल्यावर लगेच निवत नाही. नाहीतर जाड बुडाची पसरट कढई घ्या. तेलाचं म्हणाल तर फल्लीचं रिफाइंड तेल चांगलं. सरकीचं रिफाइंड तेलही तळायला तितकंच चांगलं. ज्या जिल्ह्यात एवढा कापूस पिकतो तिथे ते वापरायला कमीपणा वाटू नये. जवसाचं तेल मात्र यासाठी नको. ते आपल्याकडचं जुनं, गुणाचं तेल आहे, पण कच्च्या घाणीचं जवस फार लवकर धुरावतं आणि कडवट होतं. ते चटणीवरच घ्यावं.

आणि ती राखून ठेवलेली कातडी-चरबी. कातडी बाजूला काढून रस्स्याला ठेवा. चरबीचे बारीक तुकडे करून जाड कढईत दोन-तीन चमचे पाण्याबरोबर मंद आचेवर ठेवा. पाणी उडून जातं, तोवर चरबी सुटायला लागलेली असते आणि ती करपत नाही. अर्ध्या-पाऊण तासात स्वच्छ, जवळजवळ वास नसलेली वितळलेली चरबी मिळते. तळायच्या तेलात ही निम्मी मिसळली तर चॉपला जी चव येते ती नुसत्या तेलाने येत नाही. उरलेली बरणीत, फ्रिजमध्ये महिनाभर टिकते.

तव्यात तेल तीन-चार मिलिमीटर उंचीचं हवं, चॉप अर्धाही बुडायला नको. आच मध्यम. चिमूटभर पीठ टाकल्यावर ते लगेच सळसळून वर आलं पाहिजे. धूर निघाला तर तेल जास्त तापलं, गॅस कमी करून थांबा. सुरुवातीला सांडशीने किंवा चिमट्याने चॉप चरबीच्या कडेवर उभा धरा, दोन-तीन मिनिटं. कंटाळवाणं काम आहे, पण हे केलं नाही तर कडेची चरबी पांढरी, रबरासारखी राहते आणि खाणारा ती ताटात काढून ठेवतो. मग आडवा करा. एका वेळी दोनच; चार कोंबले की तेल थंड पडतं आणि पुन्हा उकडणं सुरू होतं. एका बाजूला चार मिनिटं हात लावू नका. सराटा घालून सारखं उचलून बघण्याने थर तुटतो. कड सोनेरी दिसली की उलटा, दुसरी बाजू साडेतीन-चार मिनिटं. झाकण अजिबात ठेवू नका. आतून शिजावं म्हणून ठेवलेल्या झाकणाची वाफ वर जमते आणि खाली गळते, मिळवलेला कुरकुरीतपणा तिथेच जातो. रंग आला पण आत कमी वाटत असेल तर आच मंद करून आणखी मिनिटभर दोन्हीकडून ठेवा.

थर्मामीटर कडेने, आडवा, हाडाला न टेकता मध्यापर्यंत घाला. ६८-६९ अंश दाखवले की उतरवा. बाहेर काढल्यावर आतली उष्णता आणखी दोन-तीन अंश चढते. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजा. ७१ झाले नसतील तर पुन्हा मिनिटभर तव्यावर. थर्मामीटर नसेल तर एक चॉप हाडाशी कापून बघा: मांस लाल किंवा काचेसारखं चमकतं दिसलं तर तो कच्चा आहे, अपारदर्शक, फिकट असेल आणि निघणारा रस स्वच्छ असेल तर झाला.

उतरवलेले चॉप जाळीवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. कागदावर ठेवले तर खालची बाजू स्वतःच्या वाफेने मऊ होते, आणि तो कागद वर्तमानपत्राचा असेल तर शाईही अन्नाला लागते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याविरुद्ध सूचना दिलेली आहेच.

आणलेलं मटण गावठी आणि जून निघालं तर हट्टाने चॉप तळू नका. अशा मांसाला दोन टप्पे लागतात. बरगडी-पोटाचे मोठे तुकडे हळद, मीठ, ठेचलेला लसूण आणि बुडतील एवढं पाणी घालून झाकून मंद आचेवर पाऊण ते एक तास, सुरी सहज शिरेपर्यंत शिजवा. कुकरच्या शिट्ट्यांनी लवकर होतं, पण मांस बाहेरून सुटायला लागतं. मग तुकडे निथळून, पूर्ण गार करून, फ्रिजमध्ये जाळीवर दोन तास वाळवा आणि मगच ज्वारी-रव्यात घोळवून कडक तेलात दोन-दोन मिनिटं तळा. आतलं मांस आधीच शिजलेलं असल्याने इथे फक्त रंग आणि कुरकुरीतपणा आणायचा असतो. कातडी राहिली असेल तर ती फुटते आणि तेल उडतं, म्हणून कातडीची बाजू तळताना तोंड लांब ठेवा. उकळलेलं पाणी फेकू नका, रस्स्याचं निम्मं काम त्यानेच होतं.

यासोबत मला तांदूळ नको वाटतो. गरम भाकरी, फोडलेला कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हंगाम असेल तर कवठाची गूळ घातलेली चटणी. कवठाचा आंबटपणा चरबी कापतो, लिंबाहून जास्त गोलाईने. सांभार वरून चिरून टाकायचा असेल तर अगदी वाढताना, तोही थोडाच. चॉपवर लिंबू पिळून ठेवू नका. फोड बाजूला द्या, ज्याने त्याने घासागणिक पिळावी.

उरलेले चॉप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावेत आणि तीन दिवसांत संपावेत. पुन्हा गरम करताना बिडाचा तवा कोरडाच तापवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी ठेवा, आतपर्यंत चांगले कढत होईस्तोवर. मायक्रोवेव्हमध्ये थर ओला होतो. कच्चं मांस ज्या पाटावर कापलं तो पाट, सुरी आणि हात गरम पाणी-साबणाने धुतल्याशिवाय कांदा-काकडी चिरायला घेऊ नका. कोशिंबीर आधीच चिरून ठेवली तर हा प्रश्नच उरत नाही.